मिरजेला सुटी पाठवलेली स्कूटर

बाबा, आज मानेसरच्या कारखान्यात नव्या मुलांना शिकवत होतो. परदेशात गाडी पाठवायचे दोन मार्ग: अख्खी जोडून, नाहीतर सुटी करून पेट्यांतून. अख्खी गाडी जहाजात जागा खाते, तिकडे जकातही जास्त, पण उतरली की किल्ली फिरवून निघता येतं. सुटी स्वस्त पडते, फक्त पलीकडे जोडणारं कोणीतरी हवं. या वाक्याशी मी दरवेळी अडखळतो.

गुडगावातली माझी नोकरी नवी होती आणि अंगात वारं शिरलं होतं. तुम्ही निवृत्त होऊन दिल्लीतलं, सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडणार होता, आणि तुमची स्कूटर आधी मिरजेला काकांकडे जाणार होती. तिच्यावर पुढे उभा राहून, तुमचा मफलर कानाला बांधून मी शाळेत गेलोय. तुमचा बेत साधा होता. निजामुद्दीन स्टेशनला न्यायची, पेट्रोल काढायचं, पोत्यात शिवून पार्सल डब्यात चढवायची. मी हसलो. "बाबा, आता असं कोणी करत नाही. सुटी करून पाठवू, एक्स्पोर्टसारखी." तुम्ही पोळी मोडता मोडता विचारलंत, "अरे, पण तिकडे जोडणार कोण?" "मिरजेत मेकॅनिक नाहीत का?" मी खेकसलो. खरं तर टाय लावून तुमच्याबरोबर पार्सल ऑफिसात ताटकळत उभं राहायची मला लाज वाटत होती. शेवटी मीच घरी ती सुटी करून, पेट्यांत भरून पाठवली. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

मिरजेहून फोनवर तुम्ही दरवेळी सांगायचात, "स्कूटर ना? उत्तम चालतेय." तुम्ही गेल्यावर तुमच्या दिवसकार्याला आलो तेव्हा काकांनी मागची खोली उघडली. पेट्या तशाच रचलेल्या. "मेकॅनिक येऊन गेले रे," काका म्हणाले. "सगळे स्क्रू तू आकाराप्रमाणे पिशव्यांत भरलेले. कुठला कुठे बसतो, कोणाला कळेना. दादा बाजारात पायीच जायचा. तुला सांगू नको म्हणाला." कारखान्यात तसेच भरतात, बाबा. पण तिथे पलीकडच्या माणसांना आधी शिकवून ठेवलेलं असतं. परक्या गिऱ्हाइकाला जे मी पहिल्यांदा विचारतो, ते तुम्ही मला विचारलंत, तर मी खेकसलो.

हे तुम्हाला कुठे पाठवणार? तरी लिहितोय, कारण आज एका मुलाने तोच प्रश्न विचारला. "सर, उधर जोड़नेवाला कोई ना हो तो?" मी नेहमीप्रमाणे तुमच्या स्कूटरचं उदाहरण दिलं, घरीच सुटी करून कशी पाठवली ते. "फिर, सर? पहुँच के चली?"

"हाँ," मी म्हणालो. "बढ़िया चल रही है."