आईच्या दंडावरचे निळे डाग

बाबा, पांढुर्ण्यात एका दवाखान्याबाहेर बसून हे लिहून राहिलो. हातात माझ्या रक्ताचा रिपोर्ट आहे. दोन वर्षांपासून मलाही आईसारखे झटके येतात, हे तुम्हाला ठाऊक नाही. ठाऊक होणार तरी कसं, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. पहिला झटका संत्र्याच्या गाडीवर पेट्या भरताना आला. त्या साली बहार असा होता की पेटीचं झाकण बसत नव्हतं, आणि तो ड्रायव्हर... जाऊ द्या. गेल्या महिन्यात अंगावर निळे डाग पडायला लागले. कुठं आपटल्याचं आठवत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी आज सांगितलं, ही झटक्याची गोळी काही जणांच्या रक्तातल्या प्लेटलेट कमी करते, मग नुसतं दाबलं तरी कातडीखाली रक्त साकळतं, म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं असतं. मग घरात आणखी कोणाला होतं का, विचारलं. मी म्हटलं, आईला, गोळी हीच. "तिच्या अंगावर पडायचे का असे डाग?" मी उठून बाहेर आलो, तो अजून इथंच बसलो आहे.

आईच्या अंगावर ते डाग दिसले, तो पोळ्यानंतरचा गोटमारचा दिवस होता. बोरगावचा मामा दरवर्षी पाहायला यायचा. नदीच्या इकडून आपण, तिकडून सावरगाववाले गोटे फेकायचे, आणि संध्याकाळी माणसं आपापले डाग मिरवत फिरायची. त्या दिवशी डागाबद्दल कोणी कोणाला विचारत नाही. पण आई नदीवर गेलीच नव्हती. ती मामाला पोळी वाढते आहे, पदर सरकतो, दंडावर बोटाबोटाएवढे निळे डाग. मामाचा घास हातात राहतो. मला बाजूला नेऊन विचारतो, "कोन मारते रे तुह्या मायले?" मी आठ वर्षांचा. झटका आला की तुम्ही मला बाहेर काढायचे. एकदा दाराच्या फटीतून मी पाहिलं होतं, ती तडफडून राहिली आणि तुम्ही वाकून तिचे हात दाबून धरले. मी मामाला म्हटलं, "बाबा."

मामानं तिला त्याच दिवशी नेलं. साऱ्या गल्लीसमोर म्हणाला, बाईवर हात उचलणारा गोटमारीत का दिसत नाही म्हणून. तुम्ही गोळ्यांची पुडी घेऊन जीपच्या मागं धावले, "मले काहीबी म्हना भाऊ, पन तिच्या गोळ्या बंद करू नका." मामानं पुडी रस्त्यात फेकली. मग मामाकडचे गोळ्या न देता, झटके उतरावे म्हणून, दर शनिवारी तिला जामसांवलीच्या मारुतीला नेत राहिले. दिवाळीच्या आत, झटक्यामागून झटका येऊन, ती गेली.

पुढं सहा वर्षं आपण एका घरात राहिलो आणि मी तुमच्याशी धड बोललो नाही. भाकर तुम्ही माझ्या ताटात वरून सोडायचे, हात लागू नये म्हणून. तेव्हा मला बरंच वाटायचं. आता वाटते, तुम्हालाही ते डाग आपल्याच बोटांचे वाटत असतील. होतेही तुमच्याच बोटांचे. पण ते धरणं होतं, मारणं नव्हतं, तिचं रक्तच तसं झालं होतं. एवढं तुम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि आता सांगून काय.

गोळी हळूहळू बदलू, एकदम सोडायची नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. तुम्ही जीपमागं तेच ओरडत होते.

हे पत्र रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, तुमच्यापर्यंत जायचं नाहीच. सौंसरकडे गेलो की मी तिकडं बोरगावात मामाकडेच राहतो. म्हातारा झाला, जीव लावतो. आत्ताच फोन आला, डॉक्टर डागाचं काय म्हणते म्हणून. खरं सांगितलं असतं तर त्याच्या नजरेत तुम्ही सुटले असते. पण मग त्यानं विचारलं असतं, तू तवा काऊन बाबाचं नाव घेतलं. मी सांगितलं, काही नाही मामा, उष्णता आहे.