सगळ्यांनाच प्राधान्य

तीर्थस्वरूप आत्यास,

भाचीचा वाकून नमस्कार (कंबर आखडली आहे, तेव्हा निम्माच वाकून, उरलेला भेटीत). गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी जिने चढू नका असं सांगितलं असेल आणि तू त्यांच्याच औषधात चूक काढली असशील. चाळीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या मेट्रनला पेशंट व्हायला जमत नाही, हे मी त्यांना पत्राने कळवू का? मोबाइलवर लिहिलं की तू न वाचता अंगठा पाठवतेस, म्हणून हा कागद.

मी नोकरीत नेमकं करते काय, असं तू विचारलं होतंस. आमच्या डेटा सेंटरमध्ये सहा इस्पितळांचे एक्स-रे आणि स्कॅन ठेवलेले असतात आणि ते इकडून तिकडे पाठवणारे बावीस स्विच माझ्या गळ्यात आहेत. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, तर माहितीचे तुकडे पुढे ढकलणारी पेटी. गर्दी झाली की ही पेटी काही तुकडे खुशाल फेकून देते, मग पाठवणारा ते पुन्हा पाठवतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. पण यंदा साठवणीची नवी यंत्रं आली, ती भारी मानी. एक तुकडा हरवला तरी रुसून बसतात. त्यांच्यासाठी एक सोय आहे. प्रत्येक तारेत आठ रांगा असतात, त्यांतल्या एकीतलं काही फेकायचं नाही असं ठरवता येतं. ती रांग तुंबायला लागली की पुढचा स्विच मागच्याला सांगतो, एवढ्या रांगेपुरता थांब. बाकीच्या सात चालूच. याला म्हणतात प्रायॉरिटी फ्लो कंट्रोल. मी तिसरी रांग निवडली आणि बावीसही ठिकाणी तीच ठेवली (एकाकडे तिसरी आणि शेजाऱ्याकडे चौथी असली, तर एक ओरडत राहतो आणि दुसऱ्याला ऐकू येत नाही, आमच्या घरात हे रोज चालतं). दोन आठवडे सगळं इतकं सुरळीत चाललं की कुणाला माझी आठवणही झाली नाही.

मग माझी बुद्धी फिरली. आठवड्याच्या अहवालात मी 'प्राधान्य' हा शब्द लिहिला. दुसऱ्याच दिवशी बैठक! जाहिरात विभागाच्या बाईंना कळेना, की इस्पितळाच्या फोटोंना प्राधान्य आणि त्यांच्या फोटोंना का नाही (त्यांच्या फोटोंत बहुतेक साहेबच असतात). कायदा विभागाचे गृहस्थ म्हणाले, त्यांचा एक तुकडा जरी हरवला तरी ते कोर्टात जातील. कुणाविरुद्ध ते त्यांनी सांगितलं नाही. सुरक्षा विभागाला कॅमेरे आणि दारांची कुलुपं यांच्यासाठी दोन रांगा हव्या होत्या. साहेबांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकलं आणि असा निर्णय दिला की बैठकीत टाळ्या पडल्या. "आपल्याकडे कुणी लहान-मोठं नाही. सगळ्यांनाच प्राधान्य द्या." मी आठही रांगा काहीही न फेकणाऱ्या करून टाकल्या.

बुधवारी सकाळी अकरा वाजता साहेब इस्पितळांच्या तीन विश्वस्तांना घेऊन सर्व्हरच्या खोलीत गेले. त्याच सुमारास कोपऱ्यातल्या एका जुन्या सर्व्हरचं कार्ड बिघडलं आणि तो आठही रांगांना 'थांब, थांब' असं ओरडायला लागला. त्याचा स्विच थांबला. त्याने मागच्याला थांबवलं, मागच्याने त्याच्या मागच्याला. इतकी शिस्त मी आमच्या ऑफिसात कधी पाहिली नव्हती. चार मिनिटांत बावीस स्विच हाताची घडी घालून उभे, मेल बंद, कॅमेरे बंद आणि दारांची कुलुपंही बंद. साहेब काचेच्या आत, मी बाहेर. सुट्या किल्ल्या पहारेकऱ्याकडे होत्या, पण त्याला लेखी परवानगी मेलवरच लागते. साहेब काचेला तोंड लावून विचारत होते, "पण काही हरवलं तर नाही ना?" नव्हतंच! काही हललंच नव्हतं, तर हरवणार कुठून?

हसू यायच्या आत माझा मोबाइल वाजला. एका इस्पितळातून ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर बोलत होत्या. आवाज अगदी तुझ्यासारखा, चढलेला नाही, पण ऐकावाच लागेल असा. "बाई, आजोबा टेबलावर आहेत. स्कॅन दिसत नाही. सर्जनना किती वेळ सांगू?" मी म्हटलं, "दहा मिनिटं." आत्या, मला एक मिनिटाचाही भरवसा नव्हता.

एसी दुरुस्तीला आलेला मिस्त्री हे सगळं बघत होता. त्याने ना मेल मागितला ना सही. पाना काढला आणि दाराच्या बिजागऱ्याच सोडवल्या. विश्वस्त कुडकुडत बाहेर, मी आत. नेटवर्कवरून काही दिसत नव्हतं, म्हणून पालथ्या बादलीवर बसून एकेका स्विचला हाताने लॅपटॉपची केबल लावून बघत गेले (कंबर तिथेच गेली). सातव्या स्विचवर ओरडणारा सापडला, त्याची तार उपटली. दिवे पुन्हा लुकलुकायला लागले. सिस्टरांना फोन केला तर त्या म्हणाल्या, "दिसलं. सतरा मिनिटं लागली," आणि फोन ठेवला. आजोबा बरे आहेत, मी दोनदा विचारलं.

दुपारी मी तिसरी सोडून सगळ्या रांगा पहिल्यासारख्या केल्या आणि फार वेळ ओरडणाऱ्याला आपोआप गप्प करणारा पहाराही लावला. संध्याकाळी साहेबांचं परिपत्रक आलं: त्यांच्या देखरेखीखाली आणीबाणीची तालीम यशस्वी झाली. मिस्त्रीवर दार खराब केल्याचा ठपका आहे.

गुडघ्याला जप. तुझा लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी भाची

ता. क. विश्वस्तांनी नेमलेल्या चौकशी समितीने मला एकच प्रश्न विचारलाय: बैठकीत तुम्ही आक्षेप घेतला होता का? आत्या, मीही टाळ्या वाजवल्या होत्या. धोका मला ठाऊक होता, पण बढतीची यादी निघायची होती. समितीला हे सांगणार आहे आणि मिस्त्रीचंही. तू मोठमोठ्या सर्जनना तोंडावर 'नाही' म्हणायचीस, ते नेमकं कसं? सोमवारच्या आत फोन करून शिकव. सोमवारी पुन्हा बैठक आहे. साहेबांना स्वतःसाठी नववी रांग हवी आहे. यंत्रात आठच असतात.

ता. क. २. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात साहेब येऊन नवव्या रांगेचं विचारून गेले. मी 'बघते' म्हणाले. तू आजच फोन कर.