कायमचे तुमचे

१३ ऑक्टोबर २००८, सोमवार

"म्हणजे माझे गेम आता आहेत तरी कुठं?" — मामाने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन जेवून बसले तरी येत नाही. बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेय मी!

दसऱ्याला वाल्मीकमामाच्या पार्लरमध्ये पूजा मीच केली. सातपूरला त्या दिवशी लेथपासून रिक्षापर्यंत सगळ्यांना हार पडतो, मग मामाचं गेमचं मशीन कसं सुटेल? त्याचं पोट त्याच्यावरच. अंबडच्या कंपनीने कमी केल्यापासून एक खोली, एक टीव्ही, चार खुर्च्या आणि ते मशीन. पोरं तासावर खेळायला येतात, त्यावर घर चालतं. मामी म्हणाली, "रूपाच्या हातनं होऊ द्या, शिकलेली हे ती." माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मळ्यातून खास हार आणला होता. जाडजूड, झेंडूचा. ताजा राहावा म्हणून नेहमीसारखं वरून पाणी मारलेला. तो मी मशीनच्या जाळीवर बरोबर मधोमध ठेवला. हळदकुंकू वाहिलं. मामाने हौसेने बटण दाबलं. फट् झालं, जळका वास आला, संपलं.

अण्णांचा चेहरा! दसऱ्याच्या फुलांचे जे पैसे आले होते ते घेऊन दुसऱ्या दिवशी आमच्या गेमच्या दुकानात आले. मी जिथे नोकरी करते तिथे, काउंटरच्या पलीकडे उभे राहिले, गिऱ्हाइकासारखे. "तसंच दुसरं दे. मेव्हण्याचा धंदा माझ्या हारानं बसला असं नको."

आज ते मशीन मामाकडे जोडून दिलं. टीव्हीवर गेमची यादी उघडली. रिकामी!

मामाने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि तो प्रश्न विचारला. अण्णा दारात उभे होते.


१४ ऑक्टोबर

राज सरांना विचारलं. ते आमच्या दुकानाचे मालक. म्हणाले, "दिवाळीची गर्दी आहे गं. उद्या बघू."

मामाकडे पूर्वी डिस्कची पेटी भरलेली होती. सगळ्या नकली, रस्त्यावर मिळतात तसल्या. मीच मागे लागले — चोरीचं नको मामा, कुणाच्या तरी मेहनतीचं असतं ते. आमच्याकडे ओरिजिनल घे. डिस्क नाही, थेट नेटवरून मशीनमध्ये उतरवायचे. ओरखडा नाही, हरवायचं नाही, कायमचे तुझे. किती पोटतिडकीने बोलले होते! मामाने ऐकलं. मशीन दुकानात आणून ठेवलं, गेम उतरवून परत नेलं. डिस्क अण्णांना दिल्या. अण्णांनी त्या दोऱ्याने मक्याच्या तुकड्यावर टांगल्या, पाखरं पळवायला.

शटरवर मामाने पेंटरकडून लिहून घेतलं: 'इथे फक्त ओरिजिनल गेम. सल्लागार — कु. रूपाली बहिरू काकड, बी.एस्सी.' मी लाजून म्हटलं होतं, मामा, पुसून टाक. तो म्हणाला, "गप. घराण्यात पहिली हे तू. लोकांना वाचू दे."


१५ ऑक्टोबर

आज सरांनी सांगितलं. चहा पीत, हसत.

"अगं, अकाउंट दुकानाचं आहे. आपल्याकडे गिऱ्हाइकाकडे नेटवर चालणारं कार्ड कुठं असतं? माझा भाऊ परदेशात आहे, त्याच्या कार्डावर एकदा घ्यायचं आणि जेवढ्या मशीनना परवानगी आहे तेवढ्यांवर चढवायचं. आता कोटा भरला. तुझ्या मामांचं जुनं मशीन चालू असतं तर त्यातून अकाउंट काढून नव्यावर टाकलं असतं. मेलेल्यातून कसं काढणार?"

"म्हणजे गेम आहेत? गेलेले नाहीत?"

"आहेत ना. अकाउंटवर अगदी सुखरूप."

"पण सर, मग एकच गेम आपण कितीतरी जणांना विकला!"

"विकला कुठं? चढवून दिला."

"पाटीवर 'कायमचे तुमचे' लिहिलंय."

"ते तूच लिहिलंस की! अक्षर छान आहे तुझं."

खरंच मी लिहिलं. काउंटरच्या मागे, निळ्या रंगात: 'एकदा घ्या, कायमचे तुमचे!' शब्दही माझेच. मला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं. आपण उतरवतो त्या अकाउंटवर कुणाचं नाव असतं, हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही मला.


१६ ऑक्टोबर

मामाला सांगायला गेले होते. खरं सांगायलाच गेले होते.

पार्लरमध्ये पोरं येत होती, रिकामी यादी बघून परत जात होती. एक जण म्हणाला, "काय काका, दुकान उघडं आणि माल गुल?" मामा कसनुसा हसला. मग माझ्याकडे वळला. "बोल गं रूपा. काय म्हणाले तुझे सर?"

आणि मी म्हणाले, "मामा, पाणी आत गेलं ना, त्यात गेले ते."

त्याला एका वाक्यात पटलं. मी सांगतेय म्हणून पटलं.

"हं," म्हणाला. "म्हणजे हारानंच घात केला."

मी पिशवी उचलली आणि बसला निघाले.


१९ ऑक्टोबर, रविवार



मामीने गल्लीत सगळ्यांना सांगितलंय, नणंदेच्या नवऱ्याने ओला हार घातला आणि आमचं होतं ते बुडालं. आईच्या कानावर आलं. अण्णांनीही ऐकलं. सकाळीच मक्यात गेले आणि टांगलेल्या सगळ्या डिस्क सोडवून आणल्या. ओसरीवर बसून एकेक धोतराच्या सोग्याने पुसत होते. पावसाळाभर उन्हापाण्यात, वाऱ्यावर एकमेकींवर आपटून पार खरवडल्या होत्या. काहींतून आरपार दिसत होतं.

मी म्हटलं, "अण्णा, नाही चालायच्या त्या."

"एखादी तरी चालंल ना? लय हायेत."

रुमालात बांधून बसने सातपूरला निघाले. मी सोबत गेले. मामाने गाठोडं सोडलं, डिस्क हातात धरून उजेडाकडे केली, आणि त्याचा आवाज चढला — "दाजी, चेष्टा करता का माझी?"

"चेष्टा नाय वाल्मीक. म्हटलं, काय ते होतं ते…"

"आधी मशीन घालवलं, गेम घालवले, आता हे पाखरं हाकायचं भंगार घेऊन आलात! लोक हसतात हो मला!"

अण्णांनी परत गाठ मारली. त्यांना नीट मारता येत नव्हती. मशीन हाराने गेलं, आणि ते त्यांनी भरून दिलं होतं. गेम हाराने गेले नाहीत. हे तिथे एकट्या मला ठाऊक होतं. परतीच्या बसमध्ये अण्णाच मला म्हणाले, "तू नको मनाला लावून घेऊ पोरी. तुझा काय दोष?"


२० ऑक्टोबर

डिस्क परत मक्यावर टांगल्या आहेत. अण्णांनी.


२२ ऑक्टोबर

दुकानात कौसर आली. उर्दू शाळेत शिकवते. मागे तिने लहान भावासाठी मशीन घेतलं होतं आणि खरं तर खेळते तीच. मशीन पिशवीत घालून आणलं होतं, अजून एक गेम उतरवायचा म्हणून. दर वेळी विचारते तेच विचारलं, "ताई, ये मेरा ही रहेगा ना? बाद में कोई झिगझिग नहीं?"

आजवर माझं उत्तर ठरलेलं असायचं. आज मान खाली घालून म्हटलं, नेटला प्रॉब्लेम आहे, दिवाळीनंतर या.

आणखी एक खोटं. सर आतून ओरडले, "गिऱ्हाईक का घालवलंस?"


२४ ऑक्टोबर

गेम घेताना जिथे न वाचता 'मान्य' दाबतो, त्या अटी आज उघडून वाचल्या. शब्दकोश घेऊन बसले. इंग्रजीत डिस्टिंक्शन होतं म्हणे मला.

त्यात कुठेच 'विकला' असं नाही. खेळायची परवानगी दिली, एवढंच. ती काढून घेता येते. त्यांचं नेटवरचं दुकान बंद झालं तर पुढे काय, यावर काही नाही. म्हणजे दुकानाचं अकाउंट आहे म्हणून राज सरही मालक नाहीत. त्यांचा भाऊही नाही. कौसर तर कुठेच नाही. मामा तर नाहीच नाही.

आमचा मळा निम्मा आमचा, निम्मा बटाईने. बटाईच्या तुकड्यात अण्णा तेवढेच राबतात, पण तिथे कधी झाड लावत नाहीत. का, ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. झाडाला वर्षं लागतात, आणि जमीन आपली नाही. हे मला ठाऊक होतं! मग काउंटरच्या मागे उभी राहिल्यावर कुठे गेलं होतं?

मामाला चोरीचं नको म्हणून शिकवणारी मी. त्या नकली डिस्क पेटीत राहिल्या असत्या तर आजही चालल्या असत्या.


२६ ऑक्टोबर, रविवार

मामाचा फोन. भाऊबीजेला येणार नाही. "ताई, तू इकडे ये हवं तर. दाजींच्या ओसरीवर आता मला बसवणार नाही."

आईने फोन ठेवला आणि करंज्यांचं सारण ढवळत राहिली. मग म्हणाली, "मामाच्या आवडीचं खोबरं जास्त घातलं होतं."

अण्णा उठून मळ्यात गेले.


२८ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

सकाळपासून अण्णांच्या शेजारी फुलबाजारात हार विकायला बसले. अण्णा हारांवर पाणी मारत नाहीत. मी तांब्या घेतला तर हात धरला — "नको. कुणाच्या काय मशीनीवर जाईल."

दुपारपर्यंत हार मलूल झाले. एक बाई म्हणाली, "कालचे आहेत का हो?" दुसरी बोट लावून पुढे गेली. बाजूचा फुलवाला हसला, "बहिरूभाऊ, पाण्याचं पण बिल यायला लागलं का?"

आम्ही निम्मे हार परत घरी आणले. आयुष्यभर फुलं पिकवलेल्या माणसाला मी पाण्याची भीती घातली.


२९ ऑक्टोबर, पाडवा

आधी कौसरच्या घरी गेले. सगळं सांगितलं, अकाउंट, अटी, पाटी. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "तुम तो पढ़ी-लिखी हो ना ताई." चिडून नाही म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं.

मग दुकानात. पाडव्याची पूजा चालली होती. पाटी खाली उतरवली. सर म्हणाले, "काय नाटक आहे?" मी म्हटलं, उद्यापासून येणार नाही. ज्यांना ज्यांना मी विकलं त्यांना सांगणार आहे. "सांग," म्हणाले. "कोण समजून घेणारे? अटी वाचतं का कुणी?"

पाटी काखेत मारून चालत आले. घरी अजून सांगितलं नाही. कारण नुसतं सांगितलं तर अण्णा म्हणणार, जाऊ दे पोरी, आणि मामाला कळूच देणार नाहीत. माझं नाव राहावं म्हणून.


३० ऑक्टोबर, भाऊबीज

पहिल्या बसने सातपूरला गेले, मामा उठायच्या आत. उरलेला निळा रंग नेला होता. खडू नाही, पुसता येतो.

पार्लरच्या शटरवर, जुन्या ओळींच्या वर, मोठ्या अक्षरात लिहून आलेय: 'गेम हारामुळे गेले नाहीत. ते आपले कधी नव्हतेच. मी न वाचता विकले, आणि नंतर खोटं बोलले. अण्णांचा दोष नाही.'

खाली नाव लिहावं लागलं नाही. ते मामाने आधीच लिहून घेतलं होतं, डिग्रीसकट.