फुटक्या मडक्यावरचं नाव

१९ ऑगस्ट, सोमवार

प्रिय स्त्रातिस,

तुझी तब्येत बरी असेल. माझे गुडघे आहेत तसेच. अंजिरं यंदा खूप लागली आहेत, पण कुणाच्या दारात नेऊन द्यावीत असं घर उरलेलं नाही.

आईच्या वर्षाच्या प्रार्थनेला तू शनिवारच्या बोटीने येणार होतास. प्रसादाचे गहू मी एकटी शिजवीन. तू येऊ नकोस.

कारण सांगते. यंदाच्या उत्सवात नाटकाऐवजी आपल्या मुखियाने, पानागोसने, जुन्या अथेन्समधल्या हद्दपारीच्या मतदानाचा खेळ करून दाखवला. पर्यटकांना तेवढीच गंमत! प्रत्येकाच्या हातात मडक्याचा तुकडा आणि खिळा. ज्याला गावाबाहेर घालवायचं, त्याचं नाव कोरायचं. या ठोंब्यांना हा धडा तीस वर्षं मीच शिकवला. तिथे सहा हजार तुकडे लागत, माणूस दहा वर्षांनी परत येई, घरदार त्याचंच राही. यातलं काही यांच्या डोक्यात शिरलं नाही. लक्षात राहिलं ते फक्त माणूस घालवणं.

"बाई, तुम्हीच मोजा," पानागोस म्हणाला. "तुमच्याइतकं चोख कोण मोजणार?"

एकशे ऐंशी तुकडे. एकशे बेचाळीसांवर तुझं नाव. तुझ्या तक्रारीमुळे किनाऱ्यावरच्या खानावळींना सील लागलं, ते कुणी विसरलेलं नाही. मी वाचत होते तसे लोक हसत होते. मग हसणं थांबलं आणि कुणी जागचं हलेना. टाळ्या फक्त पर्यटकांच्या.

दुसऱ्या दिवशी तुझी होडी धक्क्यापाशी बुडालेली दिसली. तळाला कुऱ्हाडीचे घाव. काल ते सगळे तुकडे तुझ्या उंबऱ्यावर रचलेले होते. मी झाडून टाकले. आज सकाळी पुन्हा तिथेच.

पाववाली गारिफालिया म्हणाली, "भावाला सांगा, तिकीट काढू नको म्हणावं." वर गोड हसली. "तुमच्यावर कुणाचा राग नाही हो, बाई. तुम्ही आमच्यातल्याच."

ती असं का म्हणाली, ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी ती माझ्या शेजारी बसली होती, नजर माझ्या हातावर. चहूकडे खिळे करकरत होते, माझाच तेवढा थांबलेला. मला वाटलं, खेळच तर आहे. एका तुकड्याने काय होणार?

सोबत एक तुकडा पाठवते आहे. नन्सनी छड्या मारून वळवलेलं असं अक्षर या गावात दुसऱ्या कुणाचं नाही. पाकिटावरच्या पत्त्याशी ताडून पाहा. मग मला वाटेल ते बोल, पण तिथूनच बोल.

एकशे बेचाळीसांतली एक,
तुझी बहीण
पॉलिक्सेनी