दोन नळांचं घर

डेलिस,

ड्रायक्लीनरकडे जायला अख्खा दिवस मोडतो, म्हणून आईचा रेशमी ड्रेस तू घरीच धुतलास, याचा मला राग नाही. तीही जन्मभर घरीच धूत आली, निलगिरीचे थेंब घालून. पण पावसाच्या टाकीच्या पाण्यात. तू सरळ बोअरचा नळ सोडलास. याच घरात वाढलीस ना गं? शाळेचे पांढरे मोजे त्या पाण्यानं तांबडे व्हायचे, तेही विसरलीस?

ड्रेस दोरीवर टाकून तू सिडनीचं विमान पकडलंस. निस्तरायला मी आहेच. शनिवारी तिचा ऐंशीवा वाढदिवस, आणि ड्रेसवर गंजाचे डाग. लिंबू लावलं, व्हिनेगर लावलं, ढिम्म फरक नाही.

शेवटी आईला सांगितलं, "ड्रायक्लीनरनं वाट लावली."

तिनं बाही हुंगली. "मर्ल, आपलं बोअर त्याच्या दुकानात कधी गेलं? असू दे, मी हाच घालणार. डेलिसला काही कळवू नकोस. लाजेनं पुन्हा यायची नाही ती."

म्हणून हे पत्र टाकत नाही. बोअरच्या नळाला मात्र लाल चिंधी बांधून ठेवलीय. आलीस की दिसेल.

तुझ्यावर वैतागलेली,
मर्ल