तिसऱ्या कपाचं टोल्युइन

३ हिदार, सोमवार
हिदार महिना लागला; आजपासून रोज लिहायचं. मोठ्या शोधाची नोंद मागे राहायला हवी. माझं यंत्र: काचेवर सोन्याचे अतिसूक्ष्म कण. हवेतली वाफ लागली की त्यांचा रंग बदलतो आणि कॉम्प्युटर वाफेचं नाव सांगतो. ॲसिटोन, अल्कोहोल, टोल्युइन. शुक्रवारी डीनसाहेबांसमोर डेमो. जमला तर ही खोली कायमची माझी लॅब, नाहीतर स्टाफरूम. जमणारच.

४ हिदार
यंत्राचं शिक्षण सुरू. विभागाची कॉफी करणाऱ्या झर्फेमावशी खोलीत ऊद जाळून कॉफी मांडतात, त्याच भुकटीचे एकामागून एक तीन कप, तेव्हाच यंत्राला वाफा देतो. त्या वेळी सगळे आयते जमलेले असतात, माझं काम बघतात; रीतीप्रमाणे तिसरा कप झाला की उठतात. पहिल्या कडक कपाला ॲसिटोन, दुसऱ्याला अल्कोहोल, तिसऱ्या पातळ कपाला टोल्युइन. रोज हाच क्रम. शिस्त म्हणतात ती हीच.
शेजारच्या टेबलावरची डॉ. सिफान म्हणाली, तामिरू, अरे बाबा, निदान कॉफी तरी बाहेर मांडायला सांग. मी म्हटलं, कॉफीच्या या जिम्मा गावात कॉफीला घराबाहेर काढणारा अजून जन्मायचाय. जळते माझ्यावर.

५ हिदार
यंत्राची उत्तरं शंभर टक्के बरोबर! सिफान म्हणे, एकदा क्रम उलटा करून बघ. बघेन. उद्या.

६ हिदार
वेळच मिळाला नाही. भाषण लिहिलं. दारावरची पाटीही रंगवून आणली.

७ हिदार, शुक्रवार
डीनसाहेब आले म्हणजे कॉफी आलीच. पहिला कप ओतला आणि साहेबांनी टोल्युइनची बाटली उघडली. यंत्र म्हणालं, ॲसिटोन. मी नम्रपणे सांगितलं की सर, आपली बाटली चुकली. त्यांनी लेबल दाखवलं. मी म्हटलं, लेबलांचं काय घेऊन बसलात! तेवढ्यात सिफानने सगळ्या बाटल्यांना झाकणं लावली. दुसरा कप आला. यंत्र: अल्कोहोल. साहेब इतके हसले की कप हिंदकळला. म्हणाले, आता तिसरा घेतल्याशिवाय कुणी उठायचं नाही, बघू तरी काय म्हणतंय.
टोल्युइन म्हणालं.
फार वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं ते मात्र उदाच्या धुराने.

१४ हिदार
खोली स्टाफरूम झाली. यंत्र तिथेच राहू द्या असं साहेबांनी मुद्दाम बजावलं. म्हणजे महत्त्व पटलेलं दिसतंय. दुपारी कॉफीवर गप्पा रंगल्या होत्या. पडद्यावर टोल्युइन उमटलं तसे सगळे कप ठेवून आपापल्या कामाला गेले.
मला कुठे जायचं ते सुचेना. कप विसळत बसलो.