यादीतलं तिसरं मशीन

रिसोड,
१४ डिसेंबर २०२५

चि. राजपाल,

आशीर्वाद. इथे सगळे बरे आहेत. तुरीला शेंगा चांगल्या धरल्यात. शाळेत स्नेहसंमेलन आलंय, नाच बसवायचं काम माझ्या गळ्यात. गाडी चालवताना कान बांधत जा.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर बोललो, पण माझा गोंधळ वाढलाच.

आपल्या दोघांच्या लॅपटॉपवरचं, तुझ्या भाषेत मशीनवरचं, 'कस्तुराबाई' फोल्डर तुला रिकामं दिसेल. ते मी पुसलं. इकडे पुसलं की तुझ्याकडचंही जातं, हे तूच शिकवलं होतंस.

त्यात काय होतं, ते तुला कधी सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी ऊसतोडीला गेलेला तांड्यावरचा धरमसिंग ट्रॉलीवरून पडून मेला, असं मुकादमाने सांगितलं. त्याच टोळीतल्या कस्तुराबाईने मात्र मुकादमाला त्याला मारताना पाहिलं होतं. श्रावणात ती वारली. त्याआधी तिने सगळं माझ्या मोबाईलवर बोलून ठेवलं. धरमसिंगची बायको ललिताबाई शेजारीच बसली होती. तिचा मुलगा हेमसिंग आज त्याच मुकादमाच्या टोळीत आहे, आणि त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

म्हणून तुझ्याकडे सुरक्षित जागा मागितली. तू दोघांची मशीन जोडणारं सॉफ्टवेअर टाकून दिलंस. रेकॉर्डिंग त्यात ठेवलं आणि मोबाईलवरचं मी पुसलं. म्हणालास, "तायडे, मधात कोनी नाही. तुह्या मशीनवरून सिद्धं माह्या मशीनवर. कंपनीलेही दिसत नाही."

४ तारखेला, गुरुवारी, सॉफ्टवेअरमधल्या जोडलेल्या मशीनच्या यादीत आपल्या दोघांशिवाय तिसरं मशीन दिसलं. नाव नाही, नुसते आकडे. तुला लगेच फोन केला.

"अपडेटमुळं एकच मशीन दोनदा दिसत असंल," तू म्हणालास.

"असंल?"

"आतलं आपल्याले कुठं दिसते? कंपनी कोड दाखवतच नाही."

"मंग मले कशाच्या भरवशावर सांगितलं?"

मग म्हणालास, "सगळेच वापरतात."

दोन दिवसांनी, शनिवारी, जीपने किन्हीराजाला उतरून तांड्यावर गेले. ललिताबाई तूर निवडत होती. तिला सगळं सांगितलं.

"कोनी आयकलं का?"

"माहीत नाही."

"मंग नाही आयकलं?"

"तेही माहीत नाही."

"माह्या पोराले त्यानं काही केलं तं?"

तिथेच लॅपटॉप उघडून पुसलं. "पुसून टाक" असं तीच म्हणाली. पण राजू, त्याआधी "पुसू का?" हे मीच विचारलं होतं. त्या रेकॉर्डिंगमध्ये प्रश्न विचारणारा आवाज माझा आहे. मी तिच्या पोरासाठी घाबरले होते की स्वतःसाठी, ते अजून कळत नाही. आधी एका मेमरी कार्डवर उतरवून घ्यावं, हेही सुचलं नाही. की सुचलं होतं?

ललिताबाईने निरोप धाडून हेमसिंगला बोलावून घेतलं. बुधवारी तो आला. धड आहे. "भर हंगामात काहून बोलावलं?" म्हणून चिडला, तेव्हा तिने बापाचं सगळं सांगितलं. काल तो माझ्या दारात उभा होता.

"मॅडम, कस्तुराकाकीचं बोलनं द्या. मी ठान्यात जातो."

काय देऊ? पाहणारी एकटी तीच होती, आणि ती नाही. "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि "आठ दिवसांनी ये" म्हणाले.

आता खरं विचारते. त्या गुरुवारपासून मला तुझाच संशय होता. तू मला न विचारता तुझ्या दुसऱ्या मशीनवर प्रत ठेवली असशील, वर ऐकलीही असशील, असं वाटून दोन दिवस जेवण गेलं नाही. ते मशीन तुझं नसू दे, असं मनातल्या मनात म्हणत होते.

कालपासून म्हणतेय, ते तुझंच असू दे. मला फसवून का होईना, तू एक प्रत वेगळी काढून ठेवलेली असू दे.

असेल तर घेऊन ये. मी रागावणार नाही. नसेल तरी ये. हेमसिंगला एकटीने सांगायची हिंमत माझ्यात नाही.

तुझ्यावर संशय घेतलेली आणि तो खरा निघावा म्हणून वाट पाहणारी,
तुझी ताई,
निता